बोरसे मॅडमचा प्रश्न

पारोळ्यात, बियाण्याच्या दुकानावरची खोली.
लग्नाला सतरा दिवस.
बोरसे मॅडमनी विचारलं,
राग आला की काय करता?

तू म्हणालास, गप्प बसतो.
मी म्हणाले, भांडी घासते.
घासलेलीसुद्धा.
मॅडमनी लिहून घेतलं, हसल्या नाहीत.
जिन्यात तू कुजबुजलास,
एवढ्यासाठी दोनशे रुपये?

नऊ वर्षं झाली.
आज तुझ्या गप्प बसण्याचा तिसरा दिवस.
कळण्याच्या भाकरीची परात
मी पुन्हा मोरीत घेतली,
तर मागून तुझा हात आला.
परात काढून घेतलीस,
भिंतीला उभी केलीस.

‘हाई घासेल शे,’ म्हणालास.

भांडण मिटलं नाही.
नणंदेला दिलेल्या साडेसात हजारांचं ते,
आत्ता कुठं
बोलायला लागलंय.