सहा आकडे

उर्दू शाळेत लस आलीया म्हणून
जन्नतबीनं झुंजूमुंजूला कडी वाजवली.
निपाणी झोपलेली. वखारींना कुलपं,
तरी तंबाखूचा वास हुताच.
टाळेबंदी माणसाला कळती, वासाला न्हाई.

पटांगणात चुन्याचे गोल आखलेले,
एका गोलात एक म्हातारं.
आम्ही आपापल्या गोलात चपला ठेवल्या
आणि चिंचेखाली जाऊन बसलो.
आमच्या वतीनं चपला उन्हात उभ्या राहिल्या.
मधला एक गोल मोकळा हुता.
तिथं मालन असती,
असं दोघींनीबी म्हटलं न्हाई.

टेबलावरची पोरगी धारवाडकडची.
"हेसरू?"
"हौसाबाई दादू कागले."
कार्डावरचं कानडी तिनं वाचलं: "होसाबायी."
होस म्हणजे नवी.
म्हटलं, असू दे. सत्तरीत नवी तर नवी.

मग बोट ठेवा म्हटली. ठेवलं.
यंत्र न्हाई म्हटलं. दुसरं बोट. तिसरं. अंगठा.
पोरी, ह्यांच्यावर काय उरलंच न्हाई.
रोजच्या हजार विड्या, एक्कावन्न वर्षं,
टेंभुर्णीच्या पानानं रेघा पुसून नेल्या.
कुणाच्या कुणाच्या ओठांत जळल्या त्या.
मी कोण, ते धुरात लिवलेलं असंल कुठं तरी.

"मग ओटीपी," ती म्हटली. "फोन कुणाचा?"
फोन पोराचा. पोरगा इचलकरंजीला, मागावर.
मधी कोगनोळीचा नाका.
तपासणीचा कागद असल्याबिगर सोडत न्हाईत.
कागद असता तर आला असता का,
हे नाक्याला इचारू नये.

जन्नतबीच्या फोनवरनं लावला.
"रावजी, सहा आकडे आल्यात बघ तुला."
"आल्यात. आई, तू हैस होय?"
"जेवलास का?"
"सकाळचे नऊ वाजल्यात, आई."
"न्हवं, रात्री जेवलास का?"
मग तो बोलत राहिला.
निम्मे माग बंद हैत म्हटला.
धाकटी चालाय लागली म्हटला, भिंतीला धरून.
मी हूं हूं करत हुते, आणि टेबलावर पेन आपटलं.
"आयतु, अज्जी. टाइम आयतु."
आकडे शिळे झाले.

दुसऱ्यांदा आले.
तो एकेक सांगाय लागला,
मी मोठ्यानं कानडीत म्हणाय लागले.
नाल्कू. ओंबत्तू. एरडू. एरडू. सोन्ने.
कट्टे मोजता मोजता शिकलेलं,
तेवढंच कानडी मला चोख येतं.
सहाव्यापाशी तो थांबला.
मला वाटलं रेंज गेली.
रेंज हुती.
"सांगू?" म्हटला.
सांगितलं की फोन ठेवायचा, हे त्यालाबी ठावं हुतं.
मागं कुणी तरी खोकलं, सगळी रांग हलली.
"सांग," म्हटलं.

नर्सबाई म्हटली, कामाचा हात सोडून देते.
बाई, विडी एका हातानं हुती होय?
एकानं पान वळायचं, दुसऱ्यानं तोंड दाबायचं.
सोडायला हात कुठला आणू?
मास्कच्या आड ती हसली असंल.
"नोविल्ला, नोविल्ला," म्हणत
डाव्या दंडात दिली.

अर्धा तास पोरांच्या बाकांवर,
गुडघे हनुवटीला लागल्यालं.
फळ्यावर काय लिवलंय, मी जन्नतबीला इचारलं.
"तारीख हाय," ती म्हटली. "गेल्या सालच्या मार्चाची."
कुणी पुसली न्हवती.

निघताना पोरगीनं हटकलं.
दुसऱ्या डोसाला जवळचा नंबर घाला, अज्जी,
शेजारणीचा घाला, लवकर हुईल.
मी म्हटलं, हाय तोच राहू दे.

रात्री दंड भरला. सूप मांडीवर घेतलं,
सातशेच्या पुढं हात उचलंना.
तापात आकडे म्हणत हुते म्हणं मी, कानडीत,
जन्नतबी भिंतीपलीकडनं ऐकत हुती.
पाचच म्हणायचीस, म्हटली.
आणि परत पहिल्यापास्नं.