शिरगणती

खोबरं चुलीवर खरपूस भाजायचं,
शेंगदाण्याच्या कुटात मळायचं,
बोराएवढ्या गोळ्या, डबीमागे एक.
हे काम माझं, गेली एकोणीस वर्षं.
उसंबाराचं धुकं चहाच्या मळ्यावरून उठायच्या आत
रांग तपासून व्हायला हवी,
नाहीतर पत्र्यात जीव गारठतो.

पहिली रांग तोडीच्या रानात.
जुने खोड आरेवाल्यांनी नेले,
मागे टणटणी, आणि ऊनच ऊन.
दार पडलेलं. हेही. हेही.
चाळिसातल्या एकतीस डब्या जड.
मोरोगोरोहून शिकायला आलेली म्वानाइदी हरखली,
"म्झे, इथं तर सुबत्ता आहे!"

मी बोललो नाही.
एकेकाला पिशवीत सोडत गेलो,
वजन, कान, मागचं पाऊल,
पोटाशी सडांच्या दोन लांबच लांब ओळी.
आमच्या मक्यात असतो तोच उंदीर.
एकतीस वेळा तोच,
एका माळेचे मणी.
तिनं वहीत नाव एकदा लिहिलं
आणि खाली
सदर
सदर
सदर.

दुसरी रांग ओढ्यापलीकडे,
कडा आहे म्हणून आरा पोचला नाही.
नऊच दारं पडलेली.
त्यात एक झुबकेदार शेपटीचा, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा,
एक मऊ केसांचा, खाली उतरायला नाखूश,
आणि अंगठ्याएवढी एक चिचुंद्री
जी तिच्या पुस्तकात सापडेना.
दर ओळीला तिचं पेन थांबत होतं.
दुपार झाली. तिनं सुबत्तेचं पुन्हा काढलं नाही.

सेंगी काही डबीत मावत नाही.
तिचं लांब नाक, तांबडी कूस
मी बापाबरोबर पाहिली.
पाचोळ्यात पाचोळ्याचंच घर,
इतर ढिगांसारखाच एक ढीग.
बाप त्यावर हलकेच तळहात टेकवायचा,
वरून गार, खाली ऊब लागली की झडप.
आम्ही खायचो. खोटं कशाला बोलू?
पण पुढल्या साली तिथंच दुसरा ढीग असायचा.

परतताना तोडीच्या रानात
तसा एक दिसला.
गुडघे कुरकुरले, तरी वाकलो,
हात टेकवला, मग खुपसला,
मनगटापर्यंत.

म्वानाइदी वही उघडून उभी.
"काय लिहू?"

"पानं," म्हणालो.
"गार."