खट्

चावी फिरवली की एकच खट्.
उम्म अल कुवैनच्या धक्क्यावर पहाटेचे चार,
पेटीत बर्फ भरलेला, जाळी चढवून झालेली.

मीटर दाखवतो बारा पॉइंट सहा.
"ठीक तर आहे," खलफान नोखदा म्हणतो.
घरून फोन आला की मीही हाच आकडा सांगतो.

मार पुन्हा स्टार्टर, म्हटलं.
आकडा घसरून आठावर.

काळी वायर आधी सोडायची, मग लाल.
बोल्टाभोवती हिरवट खार,
बाजूला छापलेली तारीख दोन उन्हाळ्यांमागची.
इथे तेवढंच आयुष्य.
नवी बसवताना उलट, लाल आधी;
वर बोटभर व्हॅसलीन.

इंजिन खोकलं, काळं ओकलं, सुरू झालं.

होडी गेली.
जुनी मी खांद्यावर घेतली.
वाटलं होतं, हलकी झाली असेल.