फी डिसेंबरपर्यंत भरलेली होती

शिगेनोनंच भरली होती, एप्रिलमध्ये, रोख.
ऑगस्टमध्ये ती गेली.
सप्टेंबरअखेर सेनोओबाईंचा फोन आला,
उरलेले पैसे परत करते म्हणाल्या.
मी म्हटलं, नको. मीच येतो.
का म्हटलं, ते अजून कळलेलं नाही.

अकरा वर्षं दर गुरुवारी
मी तिला या जिन्याखाली सोडलं
आणि ट्रकमध्ये रेडिओ ऐकत बसलो.
वर फुलं खोचतात, एवढंच ठाऊक.

आता वर आलोय.
डावा मोजा फाटका निघाला, अंगठा बाहेर.
सहा बायका आणि मी.
चिझूच्या डोंगरात चाळीस वर्षं देवदार पाडले,
करवतीनं एक कान खाल्ला.
एक घाव, दोन तुकडे, हा आमचा धंदा.
इथे हातात वीतभर कात्री,
मुठीच्या दोऱ्याला अजून तिच्या तळव्याचा मळ.

थाळीत पाणी, पाण्यात काट्यांची जड चकती.
हिला केन्झान म्हणतात, बाई म्हणाल्या,
तलवारींचा डोंगर.
मला हसू आलं. तळहातावर मावेल एवढा डोंगर!
मग पहिली फांदी रोवली
आणि ती आडवी झाली.
पुन्हा रोवली. पुन्हा आडवी.
शंभर फुटी झाड म्हणाल त्या दगडावर आणून पाडणारा मी,
मला हातभर काटकी उभी करता येईना.
शेजारच्या नाकाएबाईंनी तोंडाला रुमाल लावला.
"बुडखा तिरका कापा. आधी सरळ रोवा,
वाकवायचं मागाहून."

फांदी नानाकामादोची, लाल फळांनी लगडलेली.
सात वेळा चुलीत घातली तरी जळत नाही,
म्हणून म्हणे हे नाव.
खोटं आहे, मी म्हटलं. मी जाळून पाहिलंय,
तिसऱ्यांदा जळते.
खोलीत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच.
"शिगेनोसान दर ऑक्टोबरला हेच सांगायच्या," बाई म्हणाल्या,
"अगदी याच आवाजात."

म्हणजे मी खाली बातम्या ऐकत असताना
इथे वर माझं बोलणं चालू होतं.

पानं खुडायला घेतली. एक पान किडीनं खाल्लेलं,
नुसती जाळी उरलेली. त्याच्यावर कात्री नेली तर
बाईंनी मनगट धरलं.
"राहू द्या. ऑक्टोबर आहे ना."
सुसुकीचे तीन तुरे मागे. निळी रिंदो खाली, पाण्यालगत.
शेवंती मी भलतीच आखूड कापली,
ती कुठंच बसेना, शेवटी थाळीच्या काठाशी टेकवली
कुणीतरी वाट पाहत उकिडवं बसावं तशी.
डावीकडं रिकामं वाटतं, मी म्हटलं.
हो, वाटतं खरं, असं म्हणून
बाई चहाचं बघायला गेल्या.

चार वाजले आणि सगळ्याजणी उपसायला लागल्या.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
तास दीड तास खपून उभं केलेलं
एकेक काढायचं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं,
घरी जाऊन पुन्हा मांडायचं.
असलं पुडकं दर गुरुवारी तिच्या मांडीवर असायचं.
सीट भिजते म्हणून मी करवादायचो.
घरी कोनाड्यात ती काय मांडायची,
आठवून पाहतोय. मला थाळीचा रंगसुद्धा सांगता यायचा नाही.

पुडकं शेजारच्या सीटवर ठेवलं,
घाटात फळं गळतील म्हणून त्याला पट्टा लावला.
ती तिथंच बसायची, डावीकडं,
माझ्या गेलेल्या कानाच्या बाजूला.
बोलायची, मी हं हं म्हणायचो,
निम्मं कळायचं नाही, पुन्हा विचारायचोही नाही.

धरणाच्या वळणावर बघितलं,
सीटवर ओला डाग पसरत चालला होता.
काच थोडी खाली होती. कागदातून सुटलेला
सुसुकीचा एक तुरा वाऱ्यानं वाकून
डाव्या कानाला लागत होता.
मी काच वर केली नाही.
रेडिओ मात्र बंद केला.