मेंढ्यांच्या वहीत

डाव्या पानावर मेंढ्या, एकशे बारा.
उजव्या पानावर मूकाशचा ताप.
मीठ, दोरखंड, एर्मेकचे शाळेचे बूट,
ते मी खाली, कोपऱ्यात ढकललं.

सकाळी सदतीस. हसतो, घोड्यावर खोगीर चढवतो.
ऊन खिंडीमागे गेलं की कणकण,
मग एकोणचाळीस, दातावर दात,
आणि मध्यरात्री असा घाम
की अंगाखालचा नमदा पिळून काढावा.
अंगावर काढायची त्याची सवयच आहे,
ताप म्हणजे जणू बापाचा जुना कोट.

शेजारणीने आर्चाचा धूर दिला.
जावेने मेंढीच्या शेपटाची चरबी कंबरेला चोळली.
मी गोळ्या दिल्या. ताप उतरायचा,
गोळीचा अंमल सरला की पुन्हा हजर,
लाथ खाऊन परतणाऱ्या कुत्र्यासारखा.

एकविसाव्या ओळीला मी घोडी बाहेर काढली.
तो आला नाही. कळप कोण बघणार?
वही तेवढी आली माझ्याबरोबर.

दरीतल्या दवाखान्यात बुरुलचाबाई
चष्मा पुसून पानं वाचत बसली,
बोटाने चढ-उतार आखत,
पाहुण्याला डोंगरातली वाट दाखवावी तशी.
मग विचारू लागली.
खोकला आहे? कफात रक्त? कपडे सैल झाले?
पोट दुखतं? पाणी कुठल्या ओढ्याचं?
गोचीड चिकटलेली सापडली कुठे?
हृदयाचं काही जुनं दुखणं?
दरेक प्रश्नाआड एकेक रोग उभा होता.
मी नाही म्हणायचे, तो मागे सरायचा.
"गेला असं समजू नकोस," ती म्हणाली,
"रक्त तपासल्याशिवाय कुणीच गेलेलं नसतं."

"दूध उकळता?"
मी हसले. उकळलेल्या दुधाला कुरणाची चव कुठून येणार?

"वसंतात मेंढ्या गाभडल्या?"

सहा. एप्रिलच्या बर्फात.
मेलेली कोकरं त्याने ओढून काढली
उघड्या हातांनी, कोपरापर्यंत.
कंदील मी धरला होता.
खोटं कशाला बोलू, शेवटची दोन मीच ओढली.

तिने वही मिटली.
"अक्षर सुरेख आहे तुझं.
पण तीन ओळी झाल्या की यायचं असतं.
आणि मान ताठली, धाप लागली,
माणूस बरळायला लागला, लघवी थांबली,
तर लिहीत बसायचं नाही.
रात्र असो, खिंड बंद असो,
माणसं गोळा करायची आणि खाली आणायचं."

मी मान हलवली. निघायला उठले.
"थांब. तुझं अंग कसं आहे?"

माझं?
घाम येतो, पण आता वयच झालं.
कंबर दुखते, ती तर लग्नापासूनची.
संध्याकाळी थकवा, तो कुणाला नसतो?

काखेत तिने थर्मामीटर ठेवला.
खिडकीबाहेर माझी घोडी गवत ओरबाडत होती.
अडतीसला दोन कमी.
एकवीस दिवसांच्या त्या वहीत
माझ्या नावाची एक ओळ नव्हती.

बाटलीत रक्त घेतलं माझंच आधी.
रोगाचं नाव काही सांगितलं नाही तिने,
म्हणाली, गुरुवारी त्यालाही आण,
बांधून आणावा लागला तरी.

रात्री भांडं भरून दूध चुलीवर ठेवलं.
एर्मेक कुरकुरला, नको मला असलं.
मूकाश नमद्यावर कुडकुडत होता.
मी उकळी फुटेपर्यंत
चुलीपासून हललेच नाही.