फिटलेलं नाही

नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो
आणि जानेवारीत, लाजत, डोंगराच्या खांद्यावरून डोकावतो.
मधल्या काळात स्कारवॉगमध्ये
आम्ही एकमेकांना आवाजावरून ओळखतो.

ओइस्टाइनचा आवाज म्हणजे फावडं.
पहाटे साडेचार. खर्र, धप्प. खर्र, धप्प.
माझ्या दारापासून रस्त्यापर्यंत बावीस पावलं,
अकरा हिवाळे.
मी सांगितलं नव्हतं, त्यानं विचारलं नव्हतं.
मी पडद्याआड उभी राहून मोजायचे,
सावकाराच्या बायकोसारखी.

एक नट.
हल्वारच्या होडीचं इंजिन त्यानंच दुरुस्त केलं होतं,
आणि एक नट आवळायचा राहिला.
समुद्राला एवढं पुरतं.
हल्वारची टोपी मिळाली,
उरलेला हल्वार मिळाला नाही.

चर्चमध्ये मी चौथ्या बाकावर, तो शेवटच्या.
प्रार्थनेत ती ऋणांची ओळ जवळ आली
की मला खोकला यायचा.
दर रविवारी, नेमका तिथेच.
ऑर्गनवरच्या बोर्गहिल्डला माहीत होतं,
पाळक इंगुनबाईंनाही.
एकदा दारात हात मिळवताना
त्यांनी माझ्या तळव्यात खोकल्याच्या गोळ्या ठेवल्या
आणि हवापाण्याचं बोलत राहिल्या.

यंदा फेब्रुवारीत आवाज बदलला.
खर्र… मग बराच वेळ काहीच नाही.
मग नुसती धाप.
पडदा सारला. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला,
उजव्या हातानं आणि गुडघ्यानं तो फावडं रेटत होता,
आणि दर वेळी अर्धा बर्फ
त्याच्याच पायांवर परत सांडत होता.
बासष्ट वर्षांचा माणूस.
हप्ता चुकू नये म्हणून.

मला दया आली असं लिहिलं तर खोटं होईल.
आधी राग आला.
वाटलं, हा असाच मरेल माझ्या दारात,
आणि मग माझ्याही नावावर काहीतरी चढेल.
त्या रागातच, घरातल्या सपाता घालून, बाहेर गेले.
बोलायचं होतं एक, तोंडातून आलं दुसरंच:
"ओइस्टाइन, फिटलेलं नाही.
फिटणारही नाही, मरेपर्यंत उपसलंस तरी.
म्हणून आता पुरे.
आत ये."

तो बघत राहिला.
शिव्या दिल्या असत्या
तर काय करायचं ते त्याला ठाऊक होतं.

स्वयंपाकघरात कप कसा धरावा त्याला कळेना.
कालचं माशाचं सूप होतं, जरा खारट.
हल्वारच्या खुर्चीकडे पाहून तो उभाच राहिला;
शेवटी मीच तिच्यात बसले,
म्हणजे माझी रिकामी झाली.

कृपा म्हणतात ती हीच का, मला सांगता येणार नाही.
मला वाटायचं, ती वरून येत असेल,
रंगीत काचेतून उजेड येतो तशी.
ही तर ओल्या लोकरीचा वास घेऊन आली
आणि फरशीवर पाणी करून गेली.

रविवारी ती ओळ आली.
घसा खवखवला. अर्धी म्हटली, अर्धी गिळली.
मागे, शेवटच्या बाकावर,
कुणीतरी खोकलं.

आता त्याच्या दारातला बर्फ मी काढते,
हात बरा होईपर्यंत.
वाईट काढते. वाट वाकडी होते.
शाळेची पोरं म्हणतात,
आस्लाउगची वाट मांजराला विचारून पडते.
काही पहाटे तो नट आठवतो
आणि मी फावडं उगाच जोरात आपटते.
काल मोकळं केलेलं रात्रीत पुन्हा भरलेलं असतं.
काल माफ केलेलंही.
मग पुन्हा उंबऱ्यापासून सुरुवात.

त्याच्या खिडकीत दिवा लागतो, कॉफीचा वास येतो.
इथून रस्त्यापर्यंत किती पावलं आहेत,
मी मोजलेली नाहीत.