मधला रकाना

रजिस्टरात दोन वेळा लिहायच्या असतात:
वारं कधी गेलं,
आणि माणूस दारात कधी आलं.
मधल्या अंतराला रकाना नाही.
तो मी पेन्सिलीनं आखला, एकोणीस वर्षांपूर्वी,
नंदुरबारला बदली झाली त्या महिन्यात,
साहेबांना न विचारता.

लोटन पुंजू चौधरी, गणपती गल्ली, वय एकाहत्तर.
वारं: सकाळी सात दहा, दाढी करताना.
दारात: सात पन्नास.
सुनेनं आरशात वाकडं तोंड पाहिलं
आणि हातातली कपबशी खाली न ठेवता
दिराला हाक मारली. गाडी दारातच होती.
सहाव्या दिवशी त्यांनी माझ्याकडून पेन मागितलं,
कागदावर सही केली, जरा उतरती.
मी बघत्येय म्हणून म्हणाले,
'आशीच शे मनी सही, पयलेपाईन.'
पेन्सिलीत: चाळीस मिनिटं.

रुमाल्या जात्र्या पावरा, धडगावच्या वरचा पाडा, वय त्रेचाळीस.
वारं:
इथे मी बराच वेळ थांबले.
बायको पावरीत सांगायची, मेव्हणा मराठीत आणायचा.
कोंबडं आरवलं, त्याच्यानंतर.
मका सोलायला बसला तेव्हा.
नाही, बसून झाल्यावर.
हातातून कणीस पडलं, यानं उचललं नाही,
आम्हाला वाटलं हसतोय.
वार कोणता? बाजाराच्या आदला.
मी लिहिलं: रविवार, पहाटे पाच, अंदाजे.
दारात: मंगळवार, दुपारी बारा.
पेन्सिलीनं काही लिहिलं नाही त्या दिवशी.

साडेचार तास, डॉक्टर म्हणतात,
मग ते इंजेक्शन फ्रिजमध्येच राहतं.
चांदसैलीच्या घाटाला हे कुणी कळवलेलं नाही.

जुनी रजिस्टरं वाळवी लागू नये म्हणून
मी दर वर्षी उन्हात घालते.
त्यात पावरा, वसावे, पाडवी
वर्षाला चार, कधी तीन.
एक सर्वेवाला मुलगा आला होता तेव्हा.
म्हणाला, मॅडम, डोंगरातल्यांना हे होतच नाही,
चालणं भरपूर, खाणं साधं.
मी मान हलवली.
त्याला चहा पाजला.
नंतर कधीतरी, पानं उलटवताना कळलं
की जो दारात आलाच नाही
त्याला मी निरोगी धरत होते.

आता येतात.
रस्ता झाला, एकशेआठ झाली,
पाड्यावरची आशाताई फोन लावायला झाडावरच्या उंचीला चढते.
प्रवर्गाच्या रकान्यात अ.ज. लिहून लिहून
बोटाला घट्टा पडलाय.
वयं बघा:
खालच्या गल्ल्यांतून अडुसष्ट, चौऱ्याहत्तर, साठ.
वरून एकावन्न, अडतीस,
गुजरातेत ऊस तोडून परत आलेला चौतीस,
ज्याच्या दंडाला बीपीचा पट्टा
पहिल्यांदा बांधला तो बेशुद्धीत.

मार्चच्या मीटिंगला भिंतीवर दोन रेषा दाखवल्या,
एक शहराची, एक डोंगराची.
मरणारे कमी झाले, दोन्हीकडे.
खरंच झाले, आकडे माझेच होते.
साहेब खूश, समोसे आले.
दोन्ही रेषा उतरत होत्या
शिडीच्या दोन बाजूंसारख्या,
मधली जागा जिथल्या तिथे.
मी हात वर करणार होते.
समोसा होता हातात.

रुमाल्याला घरी न्यायच्या दिवशी
कागदावर अंगठा हवा होता. डावा, नियमाप्रमाणे.
गेलेला तोच.
बायकोनं दोन्ही हातांनी तो उचलला,
तान्ह्या पोराचं डोकं उचलतात तसा,
शाईवर ठेवला, मग कागदावर.
एवढ्या वर्षांत इतका स्वच्छ ठसा मी पाहिला नव्हता.
एकही रेघ फिसकटली नाही.
हललाच नाही ना तो.

जाताना मेव्हण्यानं विचारलं,
बहीण म्हणतेय, उशीर किती झाला होता?
मी म्हटलं, घाट उतरायच्या आत निघा,
पुढे अंधार होतो.
ते गेल्यावर पेन्सिल घेतली.
पंचावन्न तास.
टोक बोथट होतं, तरी दाबून लिहिलं,
मागच्या पानावर उमटेल इतकं.